तीन पाकिटं, एकच हस्ताक्षर

टेंडर भरणं आणि टेंडर मिळणं या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध असतो, अशी जनतेची एक समजूत आहे. वर्तमानपत्राच्या आतल्या पानात डोळे फुटतील अशा टायपात निविदा सूचना येते, ती वाचून ठेकेदार आकडेमोड करतात, ज्याचा दर सगळ्यांत कमी त्याला काम मिळतं आणि रस्ता तयार होतो. यातल्या अगदी शेवटच्या भागावरसुद्धा विश्वास ठेवणारी माणसं अजून आहेत.

आमचे दाजी ही समजूत ऐकून हसत नाहीत, गंभीर होतात. सांगली जिल्ह्यात त्यांनी जन्मभर रस्ते, मोऱ्या, शाळाखोल्या आणि संरक्षक भिंती बांधल्या आणि आता ते निवृत्त आहेत. त्यांची व्याख्या सरळ आहे. "पावणं, काम कुनाला द्यायचं ते ठरल्यावर जे काढत्यात, त्याला टेंडर म्हन्त्यात. आधी काढलं तर नुसता गोंधळ हुतो."

दाजींची मुलगी, म्हणजे माझी भाची, कोलकात्याच्या न्यू टाउनमध्ये आयटी कंपनीत आहे. हिवाळ्यात आम्ही दोघं तिच्याकडे राहायला गेलो. बांधकामातल्या माणसाला शहर दाखवणं फार अवघड असतं. लोक इमारत बघतात, दाजी सांधा बघतात. व्हिक्टोरिया मेमोरियलपुढे सगळे मान वर करून उभे होते, तेव्हा दाजी उकिडवे बसून फरशीचा उतार तपासत होते. इको पार्कात जगातल्या सात आश्चर्यांच्या प्रतिकृती उभ्या केल्यात. ताजमहाल आहे, पिरॅमिड आहे, कलोसियम आहे, चीनची भिंत आहे. माणसं पाठ करून सेल्फी काढत होती. दाजींनी चीनच्या भिंतीवर बोटानं टकटक केलं आणि मला विचारलं, "हिचं एस्टिमेट कितीचं हुतं?" थोडं पुढं गेल्यावर आवाज खाली आणून म्हणाले, "आन सुधारित कितीचं झालं?"

न्यू टाउन हे शहरच मुळी टेंडरांतून उगवलेलं आहे. राजारहाटची भातशेती आणि मासे पाळायची तळी घेऊन तिथे नवं नगर वसवायचं ठरलं, त्यासाठी १९९९ साली सरकारनं एक महामंडळ काढलं. त्याचं पूर्ण नाव घेईपर्यंत बस निघून जाते, म्हणून सगळे त्याला हिडको म्हणतात. शहराच्या भागांना पेठांची नावं नाहीत, अ‍ॅक्शन एरिया एक, दोन, तीन अशी नावं आहेत. दाजींना वाटलं, जिथं जिथं ठेकेदारांवर कारवाई झाली ते हे भाग. रुंद रस्ते, सायकलींची वेगळी वाट, काचेच्या इमारती, मधूनच उरलेला एखादा नारळीचा तुकडा आणि टोटो नावाच्या बॅटरीच्या रिक्षा. "काम बरं केलंया," दाजी म्हणाले. त्यांच्या तोंडून दुसऱ्याच्या कामाबद्दल हे तीन शब्द मी प्रथमच ऐकले.

नारकेलबागान चौकात विश्व बांग्ला गेट आहे. चारी रस्त्यांवरून चार कमानी वर जातात आणि त्यांच्या मध्ये, अधांतरी, एक भलंमोठं गोल कडं टांगलेलं आहे. त्यात उपाहारगृह आहे. दाजी टोटोतून उतरले आणि बराच वेळ त्या कड्याकडे बघत राहिले.

"रिंग!" ते म्हणाले. "आमची रिंग उभ्या जन्मात कुनाला दिसली न्हाई. ह्यांनी भर चौकात टांगलिया, आन वर जेवायची सोय बी केलिया."

ज्यांचा बांधकाम खात्याशी संबंध आला नसेल त्यांच्यासाठी सांगतो. रिंग म्हणजे ठेकेदारांची भिशी. महिन्याला एकाचा नंबर लागतो, बाकीचे सोबत करतात. तालुक्यात पाच कामं निघाली की पाचही ठेकेदार एका ढाब्यावर बसतात, कोणतं काम कुणाचं ते ठरतं आणि मग प्रत्येक कामाला पाचही जण निविदा भरतात. त्यातली एक खरी, बाकीच्या डमी. दाजींच्या रिंगेत तिघंच होते. एक विट्याचे, एक तासगावचे आणि दाजी. तिघांची पाकिटं एकच कारकून भरायचा, कारण त्याचं अक्षर चांगलं होतं. बयाणा रकमेचे तीन डीडी एकाच बँकेच्या एकाच खिडकीतून, एकापाठोपाठ एक नंबरचे निघायचे. पाकिटं उघडणाऱ्या साहेबांना तिन्हींमधलं अक्षर एकच आहे हे कधी दिसलं नाही. साहेबांना चष्मा होता, पण तो फक्त देयकावर सही करताना ते लावत.

"लोकांना वाटतं जिंकनं अवघड," दाजी सांगतात. "हरनं अवघड हाय, पावणं." डमी भरणाऱ्याचा दर खऱ्यापेक्षा जास्त पाहिजे, पण इतकाही नको की हसू येईल. अबोव्ह जावं, पण बेतानं. एकदा विट्याच्या भागीदारांकडून डमी भरताना एक आकडा चुकला आणि ते चक्क काम जिंकले. घरी रडारड झाली. बयाणा जप्त होईल म्हणून काम करावं लागलं, आणि दर खरोखरीच कमी असल्यामुळे त्यात कुणालाच काही देता येईना. साहेब रोज साइटवर येऊन खडी मोजू लागले. तो रस्ता अजून टिकून आहे. तालुक्यात झालेली ती एकमेव खरी स्पर्धा.

हे काही आजचं नव्हे. दाजींच्या ऑफिसात महात्मा फुल्यांचा फोटो होता. फुले स्वतः बांधकामाची कंत्राटं घेत, आणि एकोणिसाव्या शतकात इंजिनिअर खात्यातल्या लबाडीवर त्यांनी पवाडा रचला. खात्याकडून बिलं काढायची असताना खात्यावर पवाडा रचायचा, याला छाती लागते. "आमच्या धंद्यातला येवढा एकच मानूस पुतळ्यापर्यंत पोचला," दाजी म्हणतात. "बाकीचे पुतळ्याच्या चौथऱ्याच्या टेंडरापर्यंत."

सरकार स्वस्थ बसलं होतं असं नाही. पूर्वी कचेरीत निविदेची पेटी असे आणि पेटीच्या आसपास सहज उभी असलेली चार तगडी पोरं असत. नवखा ठेकेदार आला की ती अदबीनं विचारायची, "काय काम हाय?" त्या अदबीला घाबरून तो परत जायचा. मग दोन लिफाफ्यांची पद्धत आली: एकात पात्रता, दुसऱ्यात दर. लगेच पात्रतेच्या अटी शिवून मिळू लागल्या. 'कामापासून अमुक किलोमीटरच्या आत ठेकेदाराचा स्वतःचा डांबर प्लांट हवा.' तेवढ्या अंतरात प्लांट एकाचाच असायचा, आणि अंतर मोजायला साहेबांबरोबर तोच गेलेला असायचा.

मग ई-निविदा आली. पेटी गेली, पोरं गेली, सगळं संगणकात. महाराष्ट्रात काही वर्षं नियम होता की ३ लाखांवरच्या कामाला ई-निविदा सक्तीची. पुढे ही मर्यादा १० लाखांवर नेली. नियम येताच रस्त्यांची लांबी कमी झाली. वेशीपासून शाळेपर्यंतचा एकच रस्ता कागदावर चार रस्ते झाला. वेस ते मारुती मंदिर, मारुती मंदिर ते पिंपळ, पिंपळ ते पाण्याची टाकी, टाकी ते शाळा. प्रत्येकाची किंमत ३ लाखांच्या आत, पण अगदी कडेला. सर्वशिक्षा अभियानानं जे साधलं नाही ते या मर्यादेनं साधलं. आमच्या गावातल्या ठेकेदारांना भागाकार यायला लागला.

मोठ्या शहरांत भागाकारापलीकडचं गणित चालतं. मुंबई महापालिकेत २०१४ साली उघडकीस आलं की ई-निविदा ठरल्या माणसांनाच भरता यावी म्हणून तिची खिडकी मध्यरात्री थोडा वेळ उघडायची आणि दिवसा बंद. पारदर्शकता होती, फक्त ती बघायला गजर लावून उठावं लागायचं. त्याच मुंबईत २०१६ साली रस्त्यांच्या घोटाळ्याचा गुन्हा दाखल झाला, तेव्हा ठेकेदारांच्या जोडीनं रस्ते तपासायला नेमलेल्या त्रयस्थ लेखापरीक्षकांनाही अटक झाली. त्रयस्थ म्हणजे तिसरा. तिसरासुद्धा शेवटी बैठकीला बसतोच. मध्य प्रदेशात तर २०१८ साली खुद्द पोर्टलच फितूर निघालं. कुणी किती दर भरला हे आतूनच बघून आकडे बदलले जात असल्याचा संशय आला, आणि सील तुटल्याची खूण म्हणून पडद्यावर लाल फुली उमटली. एका मोठ्या कंपनीनं, आपण इतक्या थोडक्यात कसे हुकतो, अशी तक्रार केली म्हणून ते बाहेर आलं. दाजींना या प्रकरणात फुलीचं नवल वाटलं. "पूर्वी पाकीट फोडून परत चिकटवलं की भाताची खळ लावायचो. कुनाला कळायचं न्हाई. यंत्राला बेइमानी जमत न्हाई बगा."

भाचीच्या शेजारच्या फ्लॅटमध्ये एक निवृत्त इंजिनिअरबाबू राहतात. संध्याकाळी खाली चहाच्या टपरीवर मातीच्या कुल्हडात चहा घेताना दाजींची आणि त्यांची गट्टी जमली. दाजींची हिंदी सांगलीतून निघालेली, बाबूंची बर्दवानमधून. दोघींची गाठ वाळूवर पडली. वाळू म्हटल्यावर दोघांनाही सगळं समजत होतं.

बाबूंनी सिंडिकेटची गोष्ट सांगितली. शहरासाठी ज्यांची जमीन गेली त्यांच्या हाताला काम हवं, म्हणून डाव्या आघाडीच्या काळात त्यांच्या सहकारी संस्था निघाल्या. तुमच्या जमिनीवर इमारती उठणार, तर त्यांना वीट, वाळू, खडी तुम्ही पुरवा. कल्पना चांगली होती. हळूहळू जमीन गेलेले मागं पडले आणि गल्लीतली तरणी पोरं पुढं आली. प्रत्येक भाग कुणाच्या तरी नावावर झाला. ज्याच्या भागात तुमचा पाया, त्याचीच वाळू. भाव त्याचा, मापही त्याचं, आणि मालाचा दर्जा तुमच्या नशिबाचा. २०११ साली राज्यात सरकार बदललं. ट्रकवरचे झेंडे बदलले, ट्रक तेच राहिले.

"म्हणजे टेंडर कौन भी लेने दो?" दाजींनी विचारलं.

कुणीही घेऊ दे, बाबू म्हणाले. हैदराबादचा घेऊ दे, मुंबईचा घेऊ दे, जपानचा घेऊ दे. अगदी चोख, ऑनलाइन, डिजिटल सही करून घेऊ दे. पहिल्या दिवशी साइटवर मोटारसायकल येते आणि विचारते, वाळू कधी टाकू?

दाजींनी कुल्हड खाली ठेवलं. त्यांचा चेहरा पडला होता. "आमी येडे, पावणं. उभा जन्म टेंडर मॅनेज करत बसलो. बैठका घेतल्या, डीडी काढले, डमीवाल्यांना जेवू घातलं. ह्यांनी टेंडर मोकळं सोडलं आन वाळू मॅनेज केली."

मला तेव्हा या साऱ्या कारभाराची गोम कळली. सरकारं शंभर-दीडशे वर्षं पाकिटावर पहारा देत आहेत. पाकिटाला लाख लावली, दोन पाकिटं केली, पाकीट संगणकात नेलं, त्याला गुप्त सांकेतिक कुलूप घातलं. पण चोरी पाकिटात कधीच नव्हती. ती ढाब्यावर होती, नाहीतर ट्रकात होती. निविदेची पेटी ही अख्ख्या व्यवहारातली सर्वांत प्रामाणिक वस्तू. तिच्यात जे टाकलं तेच निघतं.

बाबू मग विवेकानंद रोडच्या पुलाबद्दल बोलले, आणि टपरीवरचं हसणं थांबलं. २००९ साली सुरू झालेलं ते काम. मुदती येत गेल्या आणि जात राहिल्या. ३१ मार्च २०१६ रोजी भर दुपारी उत्तर कोलकात्यात गणेश टॉकीजजवळ बांधकाम चालू असतानाच पुलाचा भाग खाली आला. पंचविसाहून अधिक माणसं गेली. काम कसं चाललं, माल कुणी पुरवला, कुणाच्या जवळच्याला पोटठेका होता, यावर मग सगळीकडून बोटं रोखली गेली. कंपनीच्या अधिकाऱ्यानं सांगितलं, ही देवाची करणी.

"देवाची?" दाजी एकदम उखडले. मी त्यांना इतकं चिडलेलं पाहिलं नव्हतं. "देवानं कवा टेंडर भरलं? त्याचं रजिस्ट्रेशन कुठल्या वर्गात हाय? पावणं, आमीबी खाल्लं. न्हाई म्हनत न्हाई. पर लोखंडात खाल्लं न्हाई." टक्केवारीत बुडालेल्या माणसाचीसुद्धा कुठंतरी एक रेघ असते. अडचण एवढीच, की ती रेघ ज्याची त्यानं आखलेली असते आणि दरवर्षी थोडी सरकवता येते.

पूल पडला त्याच वर्षी जुलैत शेजारच्या विधाननगर महापालिकेतल्या एका नगरसेवकाला खंडणीच्या आरोपावरून अटक झाली. पण अटकेनं पुढच्या ट्रकातली वाळू चाळून निघत नाही.

रात्री जेवताना भाचीनं बापाला आणखी उपाय सांगितले. एक म्हणजे सचोटी करार. केंद्रीय दक्षता आयोगानं मोठ्या कामांसाठी पुरस्कारलेला. काम काढणारा आणि बोली लावणारे, दोघंही आधी लिहून देतात की आम्ही लाच देणार नाही, घेणार नाही, आपसांत संगनमत करणार नाही. आणि वर स्वतंत्र निरीक्षक बसतात. दाजींनी भाकरी मोडता मोडता विचार केला. "आन जो खानार हाय, त्यो सही करायला नकार देतो व्हय? सही तर त्यो सगळ्यांत आधी करंल. आमच्यात कोन स्टॅम्पपेपरला कवा घाबरलंय?" पण निरीक्षक खरोखरच बाहेरचा आणला तर थोडं अवघड जाईल, हे त्यांनी मान्य केलं. "त्याचं गाव कुठलं ते आधी बगावं लागंल."

मग भाचीनं दुसरा उपाय काढला आणि दाजींच्या हातातला घास तसाच राहिला.

स्पर्धा कायदा २००२. बोलीत संगनमत करायला त्यात सरळ बंदी आहे. दंड केवढा? संगनमतातून झालेल्या नफ्याच्या तिपटीपर्यंत जाऊ शकतो. पण खरी मेख कलम ४६ मध्ये आहे. रिंगेतला जो पहिला दिल्लीला भारतीय स्पर्धा आयोगाकडे जाऊन सगळं खरं सांगेल, पुरावे देईल, त्याला दंडात १०० टक्क्यांपर्यंत सूट. दुसरा गेला तर ५० टक्क्यांपर्यंत. तिसऱ्याला ३०. आणि पुण्यात हे घडलंय. महापालिकेच्या कचरा प्रक्रिया प्रकल्पांच्या निविदांत संगनमत असल्याची तक्रार नागरिक चेतना मंचानं केली. २०१८ साली आयोगानं कंपन्यांना दंड केला आणि ज्यांनी आपणहून कबुली दिली होती त्यांना त्यात सूट दिली.

"आपनहून?" दाजींचा आवाज बसला. "रिंगेतल्यांनीच?"

मी त्यांच्याकडे पाहत होतो. आजवरचे सगळे उपाय त्यांनी हसत हसत उडवले होते, कारण ते सगळे कागदाला धरायला निघालेले. रिंग कागदावर उभी नसते. ती उभी असते शब्दावर. सरकारी खात्यात शब्दाला किंमत नाही, कोर्टात नाही, निवडणुकीत तर नाहीच. ती शिल्लक होती फक्त ढाब्यावरच्या त्या टेबलाशी. या महिन्यात तू, पुढच्या महिन्यात मी, यासाठी कधी पावती लागली नाही. चोरांचा एकमेकांवरचा हा भरवसा म्हणजे धंद्याचं खरं भांडवल, आणि आजवर एकाही सरकारला त्याला हात घालायचं सुचलं नव्हतं. कलम ४६ नेमकं तिथं हात घालतं. ते म्हणतं, तुमच्यातला पहिला गद्दार आम्ही सांभाळू. आता ढाब्यावर बसलेला प्रत्येक जण जेवणाकडे बघणार नाही, दाराकडे बघेल.

"हे कवापासनं लागू हाय?" दाजींनी विचारलं.

"२० मे २००९."

दाजींनी मोठा श्वास सोडला. "म्हंजे त्याच्या आधीचं समदं पुण्यात जमा."

"बाबा, पुण्यातच तर पकडलं," भाची म्हणाली.

पण दाजी ऐकत नव्हते. त्यांच्या डोळ्यांपुढे २०१२ सालची एक संरक्षक भिंत उभी राहिली होती. रात्री गॅलरीतून बोलण्याचा आवाज आला म्हणून मी उठलो. दाजी फोनवर होते. विट्याच्या भागीदारांना सहज विचारत होते, तब्येत कशी, पाऊसपाणी कसं, आणि एवढ्यात दिल्लीला जायचा काही इरादा? पलीकडून उत्तर आलं, मी बी तुम्हाला तेच विचारनार हुतो. तासगाववाल्यांचा पोरगा सारखा दिल्लीला काय जातो? पाच मिनिटांत तासगावचे भागीदारही लाइनवर आले. तिघंही एकमेकांना शपथा घालू लागले. सारी हयात ज्यांना शपथेची गरज पडली नव्हती, त्यांच्यात आता बिरोबाची शपथ, खंडोबाची शपथ सुरू झाली. कलमानं आपलं काम केलं होतं. दिल्लीतला एकही अधिकारी जागचा न हलता सांगली जिल्ह्यातली एक जुनी रिंग माझ्या डोळ्यांदेखत फुटत होती.

तेवढ्यात तासगावचे भागीदार खाकरले. त्यांचा आवाज स्पीकरवर स्वच्छ ऐकू आला.

"दाजी, आपल्यात भांडान नगं. पहिली कबुली एकानंच भरायची, बाकी दोघांनी डमी. आन भिंतीचं काम तुम्हाला मिळालं हुतं, म्हंजे हा नंबर माझा."